श्रद्धा उपजते कशी?



सज्जनहो, देव आहे की नाही, या प्रश्नावर आजवर पुष्कळ वाद झाले आणि पुढेही होतील. त्या वादात आज आम्हांस शिरायचे नाही. आमचा प्रश्न जरा घरगुती आहे. जो मनुष्य 'देव आहे' म्हणतो, त्याच्या ठायी ही बुद्धी आली कोठून? पाळण्यातल्या पोराला भूक कळते, आई कळते. देव कळत नाही. मग पुढे दहा-बारा वर्षांत असे काय घडते, की एक पोर देवळापुढून जाताना आपोआप हात जोडते आणि त्याचाच पाठचा भाऊ मान फिरवून निघून जातो?

हे आज विचारण्यास कारण आहे. दिंडीच्या मुक्कामावर, सप्ताहाच्या पंगतीत, जो तो आम्हांस एकच गाऱ्हाणे सांगतो. "महाराज, आमची वारी आमच्याबरोबर संपणार. पोरांचा भाव नाही." कोणी शाळेला दोष देतो, कोणी शहराला, कोणी हातातल्या मोबाईलला. दोष द्यायला काही पैसे पडत नाहीत. पण निदान झाल्याशिवाय औषध देऊ नये, असे वैद्य सांगतात. म्हणून आधी निदान पाहू.

लोक देव का मानतात, याची चार उत्तरे सर्वसाधारणपणे देण्यात येतात.

पहिले उत्तर, भय. विजेचे भय, सापाचे भय, मरणाचे भय. त्यापोटी मनुष्याने देव मानला, असे काही विद्वान म्हणतात. दुसरे उत्तर, गरज. मूल व्हावे, पीक यावे, कोर्टातला दावा सुटावा. ही दोन्ही उत्तरे अगदीच खोटी नाहीत. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला मनुष्य कोणत्या देवाचे नाव घ्यायचे ठेवतो, ते विचारा! आणि याला हसण्याचे कारण नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितले. त्यांत आर्त आहे, जिज्ञासू आहे, अर्थार्थी आहे आणि ज्ञानी आहे. ज्ञानी भक्त त्यांना आपला आत्माच वाटतो. पण बाकीच्या तिघांनाही त्यांनी उदारच म्हटले. एकालाही दारातून परत लावले नाही. रडत आलेला असो, मागत आलेला असो, आला ना? झाले तर!

परंतु उंबऱ्यावर आलेला मनुष्य घरात आला असे होत नाही. भयाने आलेला भाव भय सरले की सरतो. गरजेने आलेला भाव तर दोन्हीकडून सरतो. गरज भागली म्हणजेही सरतो आणि न भागली म्हणजेही सरतो. नवसाला पावला नाही म्हणून देव बदलणारी माणसे आपण पाहतोच की.

तिसरे उत्तर, तर्क. पाठशाळेत आम्ही तर्कसंग्रह घोकला, पुढे थोडा न्यायही पाहिला. घडा दिसला की कुंभार असलाच पाहिजे. तद्वत जग दिसते त्या अर्थी त्याचा कर्ता असला पाहिजे, हे नैयायिकांचे अनुमान. या मार्गातले मोठे नाव म्हणजे मिथिलेचे उदयनाचार्य. दहाव्या शतकात त्यांनी ईश्वरसिद्धीसाठी 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ लिहिला. त्यांची एक आख्यायिका पंडितमंडळी सांगतात. आचार्य जगन्नाथपुरीस दर्शनाला गेले, तो मंदिराचे दार बंद. तेव्हा ते देवावरच रागावले, की तुझी बाजू मांडण्यात मी जन्म घालवला आणि मलाच दार बंद? आख्यायिका गोड आहे, आणि तीत एक मर्मही आहे. ज्याने जगाला देव सिद्ध करून दाखवला, त्यालाही दार बंदच सापडले. कुंभार आहे एवढे अनुमानाने कळले, म्हणून कुंभाराशी सोयरीक जुळत नाही. तर्काने वाटेतले काटे निघतात, हे त्याचे काम मोठे आहे. चालणारे पाय मात्र निराळे.

चौथे उत्तर, वहिवाट. बाप मानत होता म्हणून आपण मानतो. टीकाकार म्हणतात, दुसऱ्या मुलखात जन्मला असता तर दुसरा देव मानला असता. अहो, मानला असता की! तमिळ देशात जन्मलो असतो तर तमिळ बोललो असतो. म्हणून का मराठी खोटी ठरते? पण वहिवाट हेही पुरे उत्तर नव्हे. एकाच घरातले, एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ. एक वारीला जातो आणि दुसरा जात नाही, हे कसे?

आता सिद्धान्ताकडे येऊ.

नैयायिक ज्ञानाची चार प्रमाणे मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कोणीही काहीही बोलला तर ते शब्दप्रमाण होत नाही. आप्ताचे वाक्य ते शब्दप्रमाण. आणि आप्त म्हणजे सोयरा नव्हे बरे का! आपल्या बोलण्यात आप्त म्हणजे नातलग. शास्त्रात आप्त म्हणजे जे जसे आहे ते तसेच सांगणारा.

यापुढे शास्त्रकारांनी आणखी एक प्रश्न विचारला. लहान पोराला शब्दाचा अर्थ कळतो कसा? कोश तर त्याच्या हातात नसतो. त्यांचे उत्तर मोठे नामी आहे. घरातला वडील माणूस धाकट्याला सांगतो, 'गाय आण.' धाकटा उठतो, गाय घेऊन येतो. वडील सांगतो, 'गाय बांध, घोडा आण.' धाकटा तसे करतो. कोपऱ्यात बसलेले पोर हे पाहत असते. त्याला कोणी शिकवत नाही. पण पाहता पाहता गाय म्हणजे कोणता प्राणी, आणणे म्हणजे काय आणि बांधणे म्हणजे काय, हे त्याचे त्याला उमगते. याला वृद्धव्यवहार म्हणतात. वडीलधाऱ्यांच्या वागण्यावरून अर्थ लागणे.

सज्जनहो, 'देव' हाही एक शब्दच आहे. गाय बोटाने दाखवता येते, देव दाखवता येत नाही. म्हणून या शब्दाचा अर्थ तर पोर वृद्धव्यवहारावरूनच लावते. आजी 'देव बघतोय रे' म्हणते आणि दारात आलेल्याला आपल्यातली अर्धी भाकरी देते. पोर अर्थ लावते, की आपल्यातली अर्धी दुसऱ्याला द्यायला लावणारा जो कोणी, तो देव. बाप 'पांडुरंगा' म्हणून तराजू उचलतो आणि मापात मारतो. पोर त्याही वेळी अर्थ लावतेच! देव खरा की खोटा हे पोराला ठाऊक नसते. सांगणारा खरा की खोटा एवढे त्याला पक्के कळते. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे. पुढचा सारा याचाच विस्तार.

पुंडलिकरायाची कथा आपण सर्व जाणता. आईबापांना छळणारा तो पोरगा काशीच्या वाटेवर कुक्कुटऋषींच्या आश्रमात राहिला. तेथे त्याने गंगा-यमुना-सरस्वतींना त्या ऋषींच्या अंगणात झाडलोट करताना पाहिले. मातापित्यांच्या सेवेपुढे तीर्थेही राबतात, हे डोळ्यांनी पाहिले आणि तो वळला. उपदेश पुष्कळांनी केला असेल; वळला तो पाहून. आपल्या संप्रदायाची पहिली वीट अशी बसली आहे.

तुकोबारायांचे चरित्र पाहा. शके १५५२, म्हणजे इ. स. १६३० च्या सुमारास देशावर मोठा दुष्काळ पडला. तुकोबांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली. मुलगा गेला, गुरे गेली, व्यापार बसला, चार लोकांत पत राहिली नाही. गरजेपुरता देव मानणारा कोणी असता, तर त्याच्या भावाची तेथेच राख झाली असती. देवाने काय दिले, हा प्रश्न विचारायला याहून रास्त वेळ कोणती? पण घराण्यात पूर्वज विश्वंभरबोवांपासून पंढरीची वारी होती. त्यांच्या वेळचे देऊळ मोडकळीला आले होते. दुःखाच्या त्या दिवसांत तुकोबांनी ते देऊळ सावरले आणि एकादशीला कीर्तन करू लागले. पुढची हकीगत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. आरंभी अभ्यासात मन लागत नव्हते, म्हणून जुन्या संतांचे बोल आदराने पाठ केले. दुसरा पुढे गात असता आपण मागे राहून ध्रुवपद म्हणू लागले.

हे चित्र डोळ्यांपुढे आणा. जगाला अभंग देणारा पुरुष टाळकऱ्यांच्या रांगेत मागे उभा आहे. स्वतःचा शब्द अजून सुचलेला नाही. उसन्या शब्दांवर चालले आहे. श्रद्धेची सुरुवात अशीच उसनवारीने होते, त्यात लाज नाही. आधी दुसऱ्याचे ध्रुवपद, मग आपला अभंग. आणि भाव आपला झाला तेव्हा काय झाले? तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, अशी परंपरा आहे. म्हणजे भावापाठोपाठ व्यवहार बदलला. देहूतल्या लोकांनी देव या शब्दाचा अर्थ त्या दिवशी नव्याने शिकला असेल.

बहिणाबाईंचे उदाहरण याहून घरगुती. वेरूळच्या परिसरातल्या देवगावी १६२८ साली त्यांचा जन्म. कोल्हापुरास असताना जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले आणि तुकोबांचा ध्यास लागला. पती वेदपाठी, कर्मठ. शूद्राच्या अभंगांचे वेड बायकोने घ्यावे, हे त्याला सहन होईना. त्याने तिला मारले. हे बाईंनी आपल्या आत्मनिवेदनात उघड सांगितले आहे. शेवटी तो घर सोडून जायला निघाला, तोच तापाने अंथरुणाला खिळला. ज्या हातांना त्याने पिळले, त्याच हातांनी त्याची रात्रंदिवस शुश्रूषा केली. तो उठला तो निराळा होऊन उठला, आणि पुढे दोघे देहूस गेली. घर एक, माणसे दोन. एकीला भाव कानांवाटे आला, दुसऱ्याला सेवेवाटे. वेदान्ताची चर्चा घालून बाईंना नवऱ्याला जिंकता आले असते काय? तो स्वतःच शास्त्र शिकलेला होता!

येथे कोणी शंका घेईल. भाव जर माणसांकडून माणसांकडे येतो, तर देवाने काय केले? याचे उत्तर सोपे आहे. दिव्याने दिवा लागतो, पण अग्नी काही दिव्याने निर्माण केलेला नसतो. कृपा त्याची, वाट माणसाची.

दुसरी शंका याहून कठीण आहे. ज्यांना माणसांनीच दारातून हाकलले, त्यांचे काय? चोखोबारायांना देवळाच्या आत कोणी घेतले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता १३३८ साली ते कोसळले आणि कामावरची माणसे त्याखाली गेली. त्यांत चोखोबा होते. नामदेवराय मंगळवेढ्यास गेले, चोखोबांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी केली. चोखोबांचा भाव टिकला, कारण गावाने लोटले तरी नामदेवांनी पोटाशी धरले. एक माणूस पुरतो, सज्जनहो! परंतु ज्यांच्या वाट्याला असा एकही आला नाही, त्यांचा हिशेब कोणी द्यायचा? चोखोबांच्या भाऊबंदांना विठ्ठलमंदिराचे दार उघडायला १९४७ साल उजाडले. साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कोठे ते उघडले. मधली सहाशे वर्षे त्या घरांतल्या पोरांनी 'देव' या शब्दाचा अर्थ काय लावला असेल? 'तू बाहेर उभा राहा' हाच ना?

डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळावर लिहिलेला आपला ग्रंथ १९४८ साली ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. आणि १९५६ साली नागपुरास लाखो लोकांना घेऊन ते बुद्धाच्या वाटेने गेले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. दार आम्ही लावले होते.

हे जुन्या काळचे झाले, असे म्हणून सुटता येत नाही. काही वर्षांमागे मराठवाड्यातल्या एका गावी सप्ताहात कीर्तन होते. काल्याच्या आदल्या रात्री गावातले एक जुने वारकरी आपल्या मुलाला घेऊन बिऱ्हाडी आले. पस्तीस वर्षे चुकली नाही अशी वारी. म्हणाले, "महाराज, हा थोरला. इंजिनेर झालाय. देव नाही म्हणतो. तुम्ही चार शब्द सांगा, तुमचं ऐकेल."

आम्ही मुलास जवळ बसवले. विचारले, "बाळा, लहानपणी मानत होतास का रे?"

"होय महाराज. आजोबांबरोबर दोन वाऱ्या केल्यात."

"मग मध्येच काय झाले?"

मुलाने बापाकडे पाहिले, थोडा थांबला. मग म्हणाला, "आजोबांचा देव मला खरा वाटायचा. मग आजोबा गेले, पाठोपाठ चुलते गेले. सातबाऱ्यावर काकूचं नाव लागायला पाहिजे होतं, ते लागू दिलं नाही. काकू लेकरं घेऊन माहेरी गेली. आणि त्या आषाढीलाही आण्णा वारीला गेले."

कोणी बोलेना. बाहेर मंडपात वीणेकरी उभा होता, तेवढा त्याचा झंकार ऐकू येत होता. आम्ही बुवांना म्हणालो, "माउली, याला आम्ही काय पटवावे? आजोबांनी याला देव पटवलाच होता. त्या देवाशी तुमचे वागणे जुळेना, म्हणून हा अडला आहे. आमच्या चार शब्दांनी ते जुळणार नाही. ते तुमच्या हातात आहे." बुवा उठले. पाया न पडताच गेले.

कठोपनिषदात नचिकेत्याची कथा आहे. बापाने यज्ञ मांडला आणि दक्षिणेत म्हाताऱ्या, आटलेल्या गाई देऊ लागला. ते पाहून त्या कुमाराच्या अंतरी श्रद्धा शिरली, असे श्रुती सांगते. श्रद्धा शिरली म्हणजे काय झाले? पोर गप्प बसून हात जोडू लागले काय? नाही! ते बापाला विचारू लागले, की मग मला कोणाला देणार? यज्ञ खरा आहे असे ज्याला मनापासून वाटत होते, त्यालाच भाकड गाई सलल्या. बापाला काही वाटले नाही. मंडळी, घरात प्रश्न विचारणारे पोर दिसले की त्याला पाखंडी म्हणण्याआधी क्षणभर थांबा. कदाचित घरात खरी श्रद्धा त्याच्याच ठायी असेल.

त्या बुवांचे पुढे काय झाले, म्हणाल तर दोन वर्षांनी त्या गावचा एक टाळकरी पंढरीस वाळवंटात भेटला. त्याने सांगितले, की बुवांनी भावजयीला बोलावून आणले, तिचे नाव लावून दिले, जमीन मोजून दिली. मुलगा अजून कीर्तनाला बसत नाही. पण आषाढीला बापाची पिशवी उचलून दिंडीपर्यंत पोचवायला येतो. त्यात देव किती आला, हे आम्ही मोजत नाही. त्या घरात 'देव' या शब्दाचा अर्थ मात्र बदलला आहे, आणि चुलतीची लेकरे आता तेथे तोच शिकत असतील.

तेव्हा पोरांचा भाव नाही म्हणून कपाळाला हात लावून बसू नका, आणि त्यांना धाकही दाखवू नका. धाकाने आलेला भाव किती टिकतो ते वर पाहिलेच. उपदेशाआधी सोबत द्या. हातात टाळ द्या, दिंडीत पाणी वाटायला उभे करा, मागे राहून ध्रुवपद म्हणू द्या. सूर चुकला तर हसू नका. ज्याला मानायचे नसेल त्याच्याशी भांडू नका. त्याला भाकरी वाढताना हात आखडला तर तेवढाच अर्थ तो घेऊन जाईल. आणि देवाचे नाव घेतल्यावर जो व्यवहार कराल, तो कोपऱ्यात कोणी पोर बसले आहे असे समजून करा. बहुधा बसलेले असतेच.

आपल्या संप्रदायाच्या चालीरीती पाहा, त्यांत हेच शहाणपण घालून ठेवले आहे. तुळशीची माळ बाजारात मिळते; पण आपली आपण कोणी गळ्यात घालून घेत नाही. वडील वारकऱ्याच्या हातून घ्यायची, अशी रीत आहे. आणि अखंड हरिनाम सप्ताहातली वीणा पाहा. सात दिवस, सात रात्री ती खाली ठेवायची नसते. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला मंडपात दुसरे कोणी नसते. डोळ्यांवर झोप असते, पाय दुखत असतात. तरी वीणेकरी उभा असतो, कारण पहाटे कोणी तरी येणार आणि त्याच्या गळ्यात ती घालायची आहे, हे त्याला ठाऊक असते.

आपल्याही गळ्यात कोणी तरी ती घातली होती. आजी असेल, बाप असेल, शेजारचा एखादा अडाणी टाळकरी असेल. त्याचे नाव आज रात्री हरिपाठाला बसताना आठवा. आणि आपला पहारा संपेल तेव्हा ती घ्यायला पुढे येणाऱ्याने आपल्याकडे पाहून यावे, इतके नीट उभे राहण्याचे बळ पांडुरंगाने आपणा सर्वांस द्यावे, एवढे मागून ही सेवा त्याच्या चरणी ठेवतो.

रामकृष्णहरी.